कापसाच्या गंजीवरचा फुटबॉल

आमच्या मंगरूळपीरच्या शाळेला मैदान होतं, पण ते बारा महिने शाळेचं नसायचं. पावसाळ्यात ती काळी माती असा काही चिखल धरायची, की आत गेलेल्याची चप्पल आतच राहायची. दसऱ्याला जमीन वाळली की मैदान आमचं. आणि दिवाळी झाली, की पलीकडच्या आवारात सरकारी कापूस खरेदी सुरू व्हायची. आवारात न मावलेल्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, मग आमच्या मैदानात येऊन थांबायच्या. एकेक शेतकरी दोन-दोन, तीन-तीन दिवस नंबर लावून बसलेला असे. बैल, कडबा, चूल, भाकरी, सगळा संसार तिथेच. आमच्या गोलचे खांब तर बैल बांधायला जणू सरकारनेच रोवून दिलेत, असं सगळे समजत. म्हणजे आमचा फुटबॉलचा हंगाम दसरा ते दिवाळी, एवढाच. वीस दिवसांत जेवढं खेळता येईल तेवढं खेळायचं आणि डिसेंबरच्या शेवटी अकोल्याला सामन्यांना जायचं. तेव्हा वाशीम हा जिल्हा नव्हता. हरायलासुद्धा आम्हाला अकोल्याला जावं लागे.

हरायचो आम्ही नेमाने. पहिलाच सामना, पहिलाच पराभव आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परत. सहा गोल बसले तर आम्ही त्याला चुरस म्हणायचो.

मी नववीत होतो, त्या वर्षीची ही गोष्ट. जूनमध्ये शाळेला नवीन ड्रिल मास्तर आले होते. मालेगाव जहागीरकडचे, कबड्डीतले नावाजलेले. गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी, गळ्यात शिट्टी आणि पोटऱ्या अशा की आमच्या मांड्यांनी लाजावं. कबड्डीतलं त्यांना येत नाही असं काही नव्हतं. फुटबॉल मात्र त्यांनी कधी बघितलेलाही नव्हता, आणि हे ते लपवत नसत. आल्या आल्या ते इंग्रजीच्या सरांकडे गेले. शाळेत फुटबॉलच्या नियमांचं एक इंग्रजी पुस्तक होतं. इंग्रजीचे सर मधल्या सुट्टीत चहा पीत पीत ते वाचून अर्थ सांगत, आणि आमचे सर शंभर पानी वहीत महत्त्वाचं तेवढं उतरवून घेत. महत्त्वाचं काय, हे अर्थातच आमचे सर ठरवत.

वही पुरी झाल्यावर त्यांनी आम्हाला ओळीत उभं करून सांगितलं, "पोट्टेहो, चेंडूले हात लावाचा नाई. गोलकीपरनं लावाचा. बस, येवढंच हाये. बाकी सारी आपली कबड्डीच हाये."

आम्ही माना डोलावल्या. नवीन मास्तरांना पहिल्याच महिन्यात शहाणपण शिकवावं, एवढे काही आम्ही मूर्ख नव्हतो.

आमचे हेडमास्तर गणिताचे. त्यांच्या हिशेबाने फुटबॉल म्हणजे अकरा मुलांनी एका चेंडूमागे धावून बावीस पाय दमवणं. शेवटचा तास खेळाचा असे, आणि तो त्यांच्या डोळ्यांत कायमचा सलत होता. नोव्हेंबरात एक दिवस मी त्यांच्या खोलीबाहेर अंगठे धरून वाकलो होतो. त्रैराशिकात तीन माणसांचं काम मी साडेचार माणसांकडून करून घेतलं होतं, त्याची शिक्षा. अंगठे धरलेल्या माणसाला ऐकू फार चांगलं येतं. आत आमचे ड्रिलचे सर उभे होते आणि हेडमास्तर म्हणत होते, "या वर्षी अकोल्याला एक तरी सामना जिंका. एकच. नाही जिंकलात, तर जानेवारीपासून शेवटचा तास गणिताचा. फुटबॉल बंद. चेंडू कपाटात."

सर म्हणाले, "जिंकू ना साहेब."

मला तशाच वाकलेल्या अवस्थेत घाम फुटला. कारण माझं सांगायचं तर वर्गात मी कोणीच नव्हतो. हजेरीत माझं नाव आलं की मास्तर एकदा मान वर करून, हा कोण, असं बघायचे. मैदानात मात्र मी बॅक होतो, गोलच्या पुढे उभा राहणारा. माझ्या अंगावरून चेंडू घेऊन जायचा म्हणजे जरा विचार करावा लागे. अंधार पडेपर्यंत गावातली मुलं 'मार, मार' म्हणून माझ्या नावाने ओरडायची. ते गेलं असतं तर माझ्याजवळ त्रैराशिकच उरलं असतं. मी अंगठे सोडले आणि धावत जाऊन बाकीच्या दहाजणांना सांगितलं. त्याबद्दल दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगठे धरले.

आता जिंकायचं तर सराव पाहिजे, आणि मैदानात तर साठ-सत्तर बंड्या. तरी आम्ही मधल्या फटीत एक दिवस चेंडू काढला. मी एक लांब फटका मारला, तो नेमका गोलच्या खांबाला बांधलेल्या बैलाच्या पोटावर बसला. बैल उधळला. खांब त्याच्या मागे. आडवा बांबू खांबाच्या मागे. आमचा अर्धा गोल घेऊन तो बैल दर्ग्याच्या रस्त्याने निघाला. त्याच्यामागे धोतर सावरत त्याचा मालक, आणि मालकाच्या मागे आम्ही. बैल अर्ध्या तासाने मिळाला. मालकाने मग सरांना जे ऐकवलं, त्यातलं इथे लिहिण्यासारखं एवढंच आहे: "मास्तर, तुमच्या पोट्ट्याईले आवरा, नाई तं तो चेंडू म्या बैलाले चारतो."

चेंडू कपाटात गेला. बंड्या असेपर्यंत तो बाहेर काढायचा नाही, असं सरांनी कबूल केलं. आम्ही रडकुंडीला आलो. सर मुळीच नाही.

"चेंडू कायले पायजे रे?" ते म्हणाले. "चेंडू तं तिथं भेटतेच. आंगात दम पायजे, पायात जोर पायजे. ते चेंडूनं येते काय?"

हल्ली याला क्रॉस ट्रेनिंग म्हणतात. मोठ्या शहरांत फुटबॉलच्या पोरांना पोहायला नेतात, दोरीवर चढवतात, त्याचे तक्ते भिंतीवर लावतात. आमच्याकडे भिंत होती, तक्ता नव्हता. सकाळी साडेसहाला शिट्टी वाजायची आणि सरांच्या मनात येईल ते आमच्या नशिबी यायचं. बंड्यांच्या रांगांतून खो-खोचं पळणं, एका बंडीला उजवीकडून आणि दुसरीला डावीकडून वळसा, आणि बैलाच्या शिंगाला स्पर्श झाला तर पुन्हा पहिल्यापासून. शाळेच्या मागच्या चिंचोळ्या जागेत कबड्डी. पण खरी गोष्ट होती ती गंजीची.

विकत घेतलेला कापूस खरेदीच्या आवारात ओतत जायचे, त्याचा डोंगर व्हायचा. त्याला गंजी म्हणत. गंजी नुसती ओतून भागत नाही. मजुरांनी वर चढून ती पायांनी खुंदलावी लागते, म्हणजे कापूस दबतो आणि वर आणखी मावतो. सरांनी तिथल्या मुकादमाशी काय बोलणं केलं कोण जाणे, पण एके सकाळी आम्ही अकराजण त्या पांढऱ्या डोंगराच्या पायथ्याशी उभे होतो.

"एका दमात वर जायाचं," सरांनी सांगितलं. "तोंडानं कबड्डी-कबड्डी चालू ठेवाची. दम तुटला का खाली. वर गेले का दहा मिनिटं खुंदलाचं, मंग उतराचं, का पुन्हा वर."

ज्याने कधी कापसाच्या गंजीवर पाय टाकला नसेल, त्याला ते काम गादीवर नाचण्याइतकं सोपं वाटेल. आम्हालाही वाटलं होतं. पहिला पाय टाकला तो मांडीपर्यंत आत. तो काढेपर्यंत दुसरा आत. वर कबड्डी म्हणायला तोंड उघडावं तर तोंडात तंतू. चौथ्या पावलाला आमचा सेंटर फॉरवर्ड कमरेपर्यंत रुतून 'कबड्डी' ऐवजी 'आई' म्हणायला लागला. मुकादम खाली उभा राहून पोट धरून हसत होता. हसायला त्याचं काय जात होतं? फुकटात अकरा माणसं खुंदलायला मिळाली होती. तसा माणूस वाईट नव्हता, उतरल्यावर मूठ-मूठ गूळ-फुटाणे द्यायचा.

पंधरा दिवसांत मात्र गंमत झाली. आम्ही पळत वर जायला लागलो. एका दमात, कबड्डी न तोडता. रस्त्याने चाललो तर पाय जमिनीवर टेकताहेत की नाही अशी शंका यायची, इतकी जमीन सोपी वाटू लागली. बाकी शाळेने आमची थट्टा करायची सोडली नाही. केसांत, भुवयांत, कानांत कापूस घेऊन आम्ही वर्गात बसायचो. इतिहासाचे सर आत आले की विचारायचे, "काय म्हातारेबुवा, कोणत्या शतकापासून बसला आहात?"

गंजीवरून उतरलं की कबड्डी. त्यात मी बॅक, म्हणून सरांनी मला पकड शिकवली. अजूनही ती माझ्या हातांना येते. समोरचा आत घुसला की त्याच्या तोंडाकडे पाहायचं नाही, घोट्याकडे पाहायचं. तो एक पाय उचलतो त्या क्षणी दुसऱ्या पायाचा घोटा धरायचा आणि अंग टाकून द्यायचं. मग बाकीच्यांनी साखळी करून त्याच्यावर पडायचं. "धरला का सोडाचा नाई," सर म्हणायचे. "देव जरी आला तरी सोडाचा नाई." पाच आठवडे रोज सकाळी मी घोटे धरत होतो. घरी मांजर जवळून गेलं तरी हात सुटायचा.

घरी हे काही माहीत नव्हतं. वडील तहसील कचेरीत शिपाई होते. छप्पन साली आमचं घर बौद्ध झालं, तेव्हा ते अठरा-एकोणीस वर्षांचे होते. त्यानंतर त्यांनी गाव सोडलं, चार वर्ग शिकले होते त्यावर नोकरी मिळवली आणि मला शाळेत घातलं. एक दिवस कचेरीचा कसला कागद घेऊन ते खरेदीच्या आवारात आले, आणि वर पाहतात तर त्यांचा मुलगा गंजीवर उभा राहून कापूस खुंदलतोय. तोंडाने कबड्डी.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी खाली आलो तेव्हा ते सरांसमोर उभे होते.

"मास्तर," ते म्हणाले, "माह्या बापानं जल्मभर पाटलाचा कापूस खुंदला. म्या नाई खुंदला. ह्याले शाळेत कायले घातलं म्या? अन् हा फुकटात खुंदून राह्यला?"

कबड्डीतल्या माणसाला अडचणीत जे सुचतं तेच सरांनी केलं. मला पुढे ओढलं, माझा पाय उचलून वडिलांपुढे धरला आणि म्हणाले, "पोटरी पाहा. दाबून पाहा."

वडिलांनी खरंच वाकून दाबून पाहिली. मी एका पायावर उभा, सरांच्या खांद्याला धरून. मुकादम म्हणाला, "दात बी पाहून घ्या, बैलबाजारात तसंच पायतेत." वडिलांच्या तोंडावर हसू येत येत राहिलं.

"अकोल्याले जिंकाचं हाये," सर म्हणाले. "नाई जिंकले तं खेळच बंद. त्याच्याच्यानं करून राह्यलो हे सारं. गुलामी नोका समजू याले. तालीम हाये."

"अन् हारले तं?"

"तं मंग गनित हाये."

वडील म्हणाले, "गनित काही वाईट नसते." पण मग त्यांनी माझ्या डोक्यावरचा कापूस दोन बोटांनी काढला आणि मला म्हणाले, "खुंदलाचं तं खुंदल. पन फुकट नोको जाऊ देऊ."

झालं. तोपर्यंत मला फक्त माझा फुटबॉल वाचवायचा होता. आता आजोबांपासूनचा सगळा कापूस मला फेडायचा होता. मला ते ओझं वाटलं हे खरं, आणि थोडा अभिमानही वाटला हेही खरं.

सामन्याच्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने आम्ही बार्शीटाकळीवरून अकोल्याला गेलो. समोरचा संघ शहरातल्या शाळेचा. त्यांच्या पायांत फुटबॉलचे बूट, गुडघ्यांपर्यंत मोजे, एकसारखे निळे शर्ट. आमचे शर्ट पांढरे होते, म्हणजे घरून निघताना पांढरे होते. पायांत कॅनव्हासचे बूट, तेही सगळ्यांच्या नाही. त्यांच्यातल्या एकाने आमच्या पोटऱ्यांकडे पाहिलं आणि दुसऱ्याला काहीतरी सांगितलं. ते हसले नाहीत. मला ते आवडलं.

शिट्टी झाली आणि चेंडू माझ्याकडे आला. पाच आठवड्यांनी. मी मारायला गेलो आणि पाय चेंडूच्या वरून गेला. आमच्या सगळ्यांचंच तसं झालं. चेंडू ओळख दाखवायला तयार नव्हता. दहा मिनिटांत एक गोल बसला. मी मनात त्रैराशिक मांडायला लागलो, दहा मिनिटांत एक तर सत्तर मिनिटांत किती? हे एक उदाहरण मला बिनचूक आलं.

पण दुसरा गोल काही बसेना. कारण चेंडू आम्हाला येत नसला तरी पळणं येत होतं. ते जिथे जातील तिथे आमचं कोणीतरी आधीच उभं. आम्ही चौघे बॅक साखळीसारखे एका ओळीत सरकायचो. हात धरायचे नाहीत एवढं लक्षात ठेवून. त्यांना आत शिरायला फटच मिळेना. मध्यंतरापर्यंत त्यांची तोंडं लाल झाली होती. ते संत्री चोखत बसले, आणि आम्ही उभेच होतो. बसायचं असतं हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मध्यंतरानंतर आमचा सेंटर फॉरवर्ड मैदानाच्या मधून चेंडू घेऊन सुटला तो एका दमात थेट गोलपर्यंत. सगळा वेळ तोंडाने काहीतरी पुटपुटत होता. त्यांचा गोलकीपर नंतर रेफरीला म्हणाला, की हा मंत्र म्हणतो. मंत्र कसला, कबड्डी म्हणत होता बिचारा. गोल झाला. बरोबरी.

सर रेषेबाहेर नाचत होते. त्यांना गोल झालेला कळतो, हे पाहून आम्हाला धीर आला.

शेवटची पाच-सात मिनिटं राहिली होती. ते पार दमले होते आणि आम्हाला आणखी दोन गंज्या चढता आल्या असत्या. आता आपण जिंकतो, असं मला स्पष्ट वाटलं. पुढच्या वर्षीचं मैदान, अंधार पडेपर्यंतचा ओरडा, घरी जाऊन वडिलांना काय सांगायचं, सगळं मी ठरवून टाकलं. तेवढ्यात त्यांचा एक उंच फॉरवर्ड उरलासुरला जीव गोळा करून एकटाच माझ्याकडे आला. त्याने मला डावीकडे झुकवलं आणि तो उजवीकडून निघाला. माझ्यामागे फक्त गोलकीपर. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. मी घोट्याकडे पाहिलं. त्याने एक पाय उचलला.

मला नियम माहीत होता, हे मी इथे कबूल करतो. चार वर्षं खेळत होतो मी. पण हातांना माहीत नव्हता.

पकड इतकी सुरेख बसली की काय सांगू. दोन्ही हातांत घोटा, अंग टाकलेलं. तो आडवा झाला. आणि कोणी काही म्हणायच्या आत आमचे बाकीचे तिघे बॅक साखळी करून धावत आले आणि त्याच्यावर पडले. आमचा गोलकीपर 'आऊट! आऊट!' ओरडत वरून पडला. चेंडू आपला एकटाच घरंगळत बाहेर गेला. रेफरीची शिट्टी वाजायच्या आधी आमच्या सरांची शिट्टी वाजली, आनंदाची.

पेनल्टी दिली. मला बाहेर काढलं. मी सरांजवळ जाऊन बसलो, आणि पेनल्टीचा गोल बसताना पाहिला. दोन-एक. सर गोंधळलेले होते. त्यांनी हळूच विचारलं, "काहून रे, पेनल्टी कायची दिली त्यानं? चेंडूले तं तू हात लावलाच नाई."

"सर, मानसाले धरता येत नाई."

"कुठं लिवलं हाये?"

त्यांनी पिशवीतून वही काढली. एकेक पान, बोट फिरवत, शेवटपर्यंत वाचलं. मैदानाची लांबी होती, खांबांची उंची होती, चेंडूला हात लावू नये याच्याखाली दोन रेघा मारलेल्या होत्या. माणसाचं काही नव्हतं. इंग्रजीच्या सरांनी वाचलं असणारच. ते यांनी उतरवून घेतलं नव्हतं. सरांनी वही मिटली.

"म्या लिवूनच नाई घेतलं," ते म्हणाले. सामना संपल्याची शिट्टी झाली तरी ते बसूनच होते.

परतीच्या एस.टी.त त्यांनी मला खिडकीची जागा दिली. बार्शीटाकळी गेल्यावर फक्त एवढं म्हणाले, "पकड मात्र भल्ली बसली होती." मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही. मी तोंड खिडकीबाहेर काढून बसलो.

घरी वडील जागे होते. "हारले?" "हाव." "कोनाच्यानं?" "माह्याच्यानं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उठले आणि ताट वाढून आणलं. "जेव," म्हणाले. फुकट गेलं की नाही, यावर त्यांनी पुढे कधीही एक शब्द काढला नाही. मी मात्र कितीतरी दिवस त्यांच्यासमोर उघड्या पायांनी बसायचं टाळत होतो. माझ्या पोटऱ्या त्यांना दिसू नयेत, असं मला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी आम्हा अकराजणांना उभं केलं आणि विचारलं, "पाय कोणी धरला?" माझा हात वर जायच्या आत सर म्हणाले, "म्या धरला समजा साहेब. पोट्ट्यानं जे शिकोलं ते केलं." हेडमास्तरांनी चष्मा पुसला. आणि जानेवारीपासून शेवटचा तास गणिताचा झाला. हेही सांगून टाकतो, की मी शाळेत होतो तोवर तो गणिताचाच राहिला.

मार्चमध्ये खरेदी आटोपली. बंड्या गेल्या. मैदान मोकळं झालं, टणक, तापलेलं, ठिकठिकाणी कापसाचे पुंजके अडकलेलं. शेवटच्या तासाला हेडमास्तर फळ्यावर हौदाचं उदाहरण घालत होते, एक नळ भरतोय, दुसरा रिकामा करतोय. मी खिडकीशी बसलो होतो. बाहेर काहीतरी धप्प झालं म्हणून पाहिलं, तर मैदानात सर. एकटेच. समोर चेंडू. ते मागे जात, धावत येत आणि चेंडूला बोटांनी, म्हणजे पायाच्या बोटांनी, ठोकर मारत. चेंडू भलतीकडे जाई. ते जाऊन आणत, पुन्हा ठेवत. चाळिशी ओलांडलेला तो माणूस त्या उन्हात जो खेळ शाळेतून बंद झाला होता तो शिकत होता.

हळूहळू सगळा वर्ग खिडकीकडे पाहायला लागला. कोणी हसलं नाही. हेडमास्तर खडू धरून माझ्यामागे येऊन उभे राहिले. मला वाटलं, खिडकी लावायला सांगतील. त्यांनी दोन फटके पाहिले, तिसराही पाहिला.

"बोटांनी मारतात का रे?" त्यांनी मला विचारलं.

"नाही सर. पायाच्या आतल्या बाजूनं."

"मग जा. सांगून ये." आणि मी दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून म्हणाले, "सावकाश सांग. हौद भरायला वेळ आहे."

मी धावत गेलो. सर घामाने निथळत होते. मला पाहून दचकले. "काहून आला बे? गनित नाई काय?"

"हेडमास्तरनं पाठोलं. सर, पाय असा आडवा धराचा." मी दाखवलं. त्यांनी करून पाहिलं. चेंडू सरळ गेला. ते चेंडूकडे बघतच राहिले. मग मी पळत जाऊन तो आणून दिला, तेव्हा म्हणाले, "हे समजलं. आता ते सांग. मानसाले धराचं नाई, तं मंग आडवाचं कसं?"

मी चार वर्षं बॅक होतो, पण मला कोणी हे शिकवलं नव्हतं, आणि खरं म्हणजे मलाही येत नव्हतं. तसं त्यांना सांगायला लाज वाटली. मी म्हणालो, "सर, तुमी चेंडू घेऊन या. मी आडवून पायतो."

ते वीस पावलं मागे गेले. चेंडू पायाशी घेतला आणि त्या जाड पोटऱ्यांनी अडखळत, चेंडू निसटू देत, पुन्हा पकडत माझ्याकडे यायला लागले. मी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरून ठेवले.